अमेरिकेतील जुन्या टॅव्हर्नचे रेल्वेने नेमके काय केले?

पेनसिल्व्हेनिया, ओहायो किंवा इलिनॉय या राज्यांतील एखाद्या छोट्या गावातून मोटारीने जाताना एक गोष्ट नजरेत भरते. जुन्या हमरस्त्याच्या कडेला दगडाविटांची एक भक्कम दुमजली इमारत असते आणि ‘येथे पूर्वी टॅव्हर्न होते’ अशी पाटी तिच्यावर असते. तेथून थोड्या अंतरावर, रेल्वेच्या रुळांकडे तोंड करून उभी असलेली दुसरी एक जुनी इमारत दिसते, तिच्यावर मात्र ‘हॉटेल’ असे लिहिलेले असते. एवढ्याशा गावात उतारूंसाठी दोन वेगळ्या जागा का असाव्यात, आणि त्यांची तोंडे दोन वेगळ्या दिशांना का असावीत, हे चटकन उमगत नाही. चित्रपटांनी या गोंधळात भरच घातली आहे, कारण तेथे टॅव्हर्न, इन, सलून (न्हाव्याचे नव्हे, दारूचे दुकान) आणि हॉटेल हे सगळे शब्द दारू पिऊन भांडणाऱ्या माणसांच्या एकाच खोलीसाठी वापरल्यासारखे वाटतात.

प्रत्यक्षात हे शब्द वेगवेगळ्या काळांतील आणि वेगवेगळ्या गरजांतून आलेल्या संस्थांचे आहेत. त्यांच्यातील फरक समजून घ्यायचा तर सुरुवात घोड्यापासून करावी लागते.

टॅव्हर्न म्हणजे गुत्ता नव्हे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत टॅव्हर्न म्हणजे वाटसरूला जेवण, बिछाना व पेय आणि त्याच्या घोड्याला तबेला व चंदी पुरवणारे, सरकारी परवाना असलेले घर. ‘इन’ हा शब्दही जवळपास त्याच अर्थाने वापरला जाई. आपल्याकडच्या धर्मशाळेशी त्याचे साम्य एवढेच की दोन्ही वाटसरूंसाठी असतात. धर्मशाळा पुण्यकर्म म्हणून बांधली जाते, तर टॅव्हर्न हा चोख धंदा होता. मात्र हा धंदा मालकाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५६ सालीच असा कायदा होता की, ज्या गावाने वाटसरूंसाठी अशी सोय राखली नाही त्या गावाला दंड होऊ शकत असे. म्हणजे रस्ता, पूल किंवा पाणवठा यांच्याइतकीच ती सार्वजनिक गरज मानली जात होती.

परवान्याबरोबर बंधने येत. इंग्लंडकडून आलेल्या परंपरागत कायद्यानुसार, जागा असेल आणि वाटसरू पैसे देण्यास तयार असेल तर त्याला दारातून परत पाठवता येत नसे. त्याचे सामान मुक्कामात हरवले तर बहुतांश परिस्थितीत जबाबदारी मालकाची असे. अनेक ठिकाणी दरसुद्धा स्थानिक सरकार ठरवून देई.

याचे एक लख्ख उदाहरण इलिनॉयमधील न्यू सेलम या खेड्याचे आहे. ६ मार्च १८३३ रोजी सँगॅमन काउंटीने ‘बेरी आणि लिंकन’ या दुकानाच्या नावे टॅव्हर्नचा परवाना दिला. (काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग, ढोबळमानाने आपला जिल्हा.) यातील लिंकन म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन. तेव्हा ते २४ वर्षांचे होते आणि त्यांचे दुकान फारसे चालत नव्हते. परवान्यासोबतच्या दरपत्रकात जेवण २५ सेंट, रात्रीचा बिछाना साडेबारा सेंट, घोड्याची रात्रभराची सोय २५ सेंट आणि अर्धा पाइंट व्हिस्की साडेबारा सेंट असे आकडे आहेत. साडेबारा हा विचित्र आकडा येण्याचे कारण असे की, स्पॅनिश डॉलर तेव्हा चलनात सर्रास चाले आणि त्याचे आठ भाग पाडले जात. आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे मोजले जात, तसाच हा प्रकार.

हे दरपत्रक मला त्या काळाच्या कोणत्याही लांबलचक वर्णनापेक्षा अधिक बोलके वाटते. माणसाच्या बिछान्यापेक्षा घोड्याच्या मुक्कामाला दुप्पट पैसे पडत, आणि बिछाना व पेलाभर व्हिस्की यांची किंमत सारखीच होती. त्यातील एक नोंद तर विशेष लक्ष देण्याजोगी आहे: हेच जेवण स्टेजच्या उतारूंना साडेसदतीस सेंटांना मिळे. हे स्टेजचे उतारू कोण, आणि त्यांच्याकडून जास्त पैसे का घेतले जात?

सगळे गणित घोड्याच्या दमाचे

‘स्टेज’ म्हणजे टप्पा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मार्गाने, टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत जाणाऱ्या प्रवासी गाडीला स्टेजकोच म्हणत. भरलेली गाडी ओढून घोडे साधारण दहा ते पंधरा मैलांत, म्हणजे सोळा ते चोवीस किलोमीटरांत थकत. त्या अंतरावर ताज्या दमाचे घोडे तयार ठेवावे लागत, आणि जेथे घोडे बदलायचे तेथे तबेला, मोतद्दार व वैरण हवी. तेवढ्यात उतारू खाली उतरून पाय मोकळे करत, शेकोटीजवळ बसत, जेवत. गाडी निघायच्या आत त्यांना खावेच लागे आणि पुढचा पर्याय थेट पुढच्या टप्प्यावर असे. जास्त दराचे कारण परवान्यात लिहिलेले नाही, पण अडलेल्या गिऱ्हाइकाला काय भाव पडतो हे एस.टी.च्या थांब्यावर जेवलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

न्यू हॅम्पशायरमधील कॉन्कॉर्ड येथे १८२७ पासून बनू लागलेल्या गाड्यांनी हा प्रवास थोडा सुसह्य केला. त्यांचा सांगाडा लोखंडी स्प्रिंगांऐवजी जाड कातडी पट्ट्यांवर टांगलेला असे, त्यामुळे गाडी आदळण्याऐवजी झोके घेई. तरीही बऱ्या रस्त्यावर वेग ताशी सहा ते आठ मैलांच्या पलीकडे क्वचितच जाई. म्हणून एखाद्या रस्त्यावर टॅव्हर्न कोठे असणार हे माणसांच्या आवडीनिवडीपेक्षा घोड्याच्या फुप्फुसांनी आणि चढ-उतारांनी ठरवलेले होते.

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे रूप ‘नॅशनल रोड’वर दिसे. केंद्र सरकारने बांधलेल्या या हमरस्त्याचे काम १८११ मध्ये मेरीलँडमधील कंबरलँडपासून सुरू झाले, १८१८ मध्ये तो ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगला पोहोचला आणि पुढे इलिनॉयपर्यंत गेला. भरभराटीच्या काळात त्याच्या डोंगराळ भागात जवळजवळ मैलामैलावर टॅव्हर्न होते. सगळे एकाच प्रतीचे मात्र नव्हते. स्टेजच्या उतारूंसाठी टापटीप टॅव्हर्न असत, तर मालवाहू गाड्या हाकणाऱ्यांसाठी आणि गुरे-डुकरांचे कळप बाजाराकडे नेणाऱ्यांसाठी मोठे आवार असलेले स्वस्त मुक्काम असत. तेथे गाडीवान आपली वळकटी उलगडून, शेकोटीकडे पाय करून, जमिनीवरच ओळीने झोपत.

टापटीप टॅव्हर्नमध्येही स्वतंत्र खोलीची अपेक्षा करता येत नसे. साडेबारा सेंटांत मिळे तो बिछान्यातील वाटा, आणि शेजारी अनोळखी माणूस असे. लिंकन पुढे वकील झाले आणि इलिनॉयच्या आठव्या न्यायमंडळात वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, न्यायाधीश व इतर वकिलांसोबत गावोगाव फिरू लागले, तेव्हा वकील मंडळी टॅव्हर्नमध्ये एका पलंगावर दोघे-दोघे झोपत. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांना मात्र स्वतंत्र पलंग मिळे असे सांगतात. त्याला त्यांचे पद कारण होतेच, पण सुमारे ३०० पौंड वजन हे अधिक सबळ कारण होते. दिवसा ज्यांच्याविरुद्ध बाजू मांडायची त्यांच्याच शेजारी रात्री झोपायचे आणि एकाच टेबलावर जेवायचे, अशी ही व्यवस्था होती. गावकरीही संध्याकाळी तेथेच जमत, कारण बाहेरची बातमी, वर्तमानपत्र आणि पुष्कळदा टपालसुद्धा तेथेच येई. सभा, लिलाव, क्वचित न्यायालयाचे कामही टॅव्हर्नच्या मोठ्या खोलीत होई.

रेल्वेने आधी काय हिरावले?

रेल्वे आली आणि टॅव्हर्न बंद पडले, असे एका वाक्यात सांगितले जाते. हे खरे आहे, पण ते कसे घडले हे त्यातून कळत नाही. १८३० मध्ये संपूर्ण अमेरिकेत रेल्वेमार्ग २३ मैल होता, १८४० मध्ये सुमारे २,८०० मैल, १८५० मध्ये सुमारे ९,००० आणि १८६० मध्ये सुमारे ३०,००० मैल. न्यूयॉर्कहून शिकागोला जाण्यास १८३० च्या सुमारास तीन आठवडे लागत, १८५७ मध्ये दोन दिवस पुरू लागले. तीन आठवड्यांच्या प्रवासात वीस-एकवीस मुक्काम पडतात, दोन दिवसांच्या प्रवासात एखादा. रुळांना समांतर असलेल्या प्रत्येक जुन्या रस्त्यावरून एवढे मुक्काम एकदम नाहीसे झाले.

दुसरा आघात टपालाचा होता आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. स्टेजकोच कंपन्यांचे उत्पन्न केवळ तिकिटांवर चालत नव्हते. सरकारी टपाल वाहून नेण्याचा ठेका हा त्यांचा भक्कम आधार होता. १८३८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सर्व रेल्वेमार्ग हे टपालमार्ग असल्याचे जाहीर केले. जेथे रूळ पोहोचले तेथे टपाल रेल्वेकडे गेले, टपालाचा पैसा गेल्यावर उरलेल्या थोड्या उतारूंवर स्टेजगाडी परवडेनाशी झाली, आणि गाडी बंद झाल्यावर टॅव्हर्नचा तबेला रिकामा पडला. आपल्याकडे गावाबाहेरून वळणरस्ता निघाला की जुन्या रस्त्यावरचे धाबे ओस पडतात, तशीच ही गत होती. फरक एवढाच की, वळणरस्त्यावर नवा धाबा टाकता येतो, पण धावत्या आगगाडीला कोठेही हात दाखवून थांबवता येत नाही.

बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला आली. तोवर नॅशनल रोडला तिचा उलट फायदा झाला, कारण रेल्वेने आलेले उतारू कंबरलँडला उतरून स्टेजने पुढे जात. पण १८५२ च्या अखेरीस रूळ व्हीलिंगला भिडले आणि त्याच वर्षी दुसरी रेल्वे पिट्सबर्गला पोहोचली. दोन्हींच्या मधल्या डोंगरी पट्ट्यातील हमरस्ता स्थानिक शेतकऱ्यांच्या गाड्यांपुरता उरला. रेल्वे जोवर अर्ध्यावर थांबली होती तोवर ती टॅव्हर्नची पुरवठादार होती, आणि पूर्ण होताच ती प्रतिस्पर्धी झाली.

गावेच जागा सोडून गेली

रेल्वेची आखणी जुन्या गावांची भीड ठेवत नसे. चढ कमी कोठे आहे, इंजिनाला पाणी कोठे मिळेल आणि जमीन कोणाची आहे, यावर मार्ग ठरे. इलिनॉयमधील लोगन काउंटीचे मुख्य ठिकाण आधी पोस्टव्हिल हे खेडे होते. तेथे न्यायालय होते आणि त्याच्या समोरच डेस्किन्स टॅव्हर्न होते, जेथे लिंकन आणि त्यांचे सहकारी उतरत. १८४८ मध्ये मुख्य ठिकाणाचा मान माउंट पुलास्की या गावाकडे गेला. मग १८५३ मध्ये शिकागोकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी पोस्टव्हिलजवळच मोकळ्या जमिनीवर नवे गाव आखण्यात आले. त्याची कागदपत्रे लिंकन यांनी तयार केली आणि गावाला त्यांचेच नाव मिळाले. २७ ऑगस्ट १८५३ रोजी भूखंड विकले गेले, आणि कलिंगडाचा रस जमिनीवर शिंपडून लिंकन यांनी गावाचे बारसे केले अशी आठवण तेथे अजून सांगितली जाते. दोनच वर्षांत मुख्य ठिकाणाचा मान या नव्या गावाकडे आला. पोस्टव्हिल पुढे त्याच्यातच विरून गेले.

सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. जुनी इमारत घोड्यांच्या रस्त्याकडे पाहत बांधलेली आहे आणि दुसरी रुळांकडे, कारण मधल्या काळात गावाचा दर्शनी दरवाजाच बदलला.

मुक्कामाची गरज मग संपली का?

प्रवास जलद झाला तर मुक्काम कमी व्हायला हवेत, मग स्टेशनासमोर नवी हॉटेले का उभी राहिली, असा प्रश्न स्वाभाविक आहे. उत्तर असे की, एका प्रवासातील मुक्काम घटले, पण प्रवास करणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी वाढली. विशेषतः १८६५ मध्ये यादवी युद्ध संपल्यानंतर ‘ड्रमर’ म्हणून ओळखले जाणारे फिरते विक्रेते देशभर पसरले. शहरातील घाऊक व्यापाऱ्यांचे नमुने मोठमोठ्या पेट्यांत भरून हे लोक एका गावात उतरत, दुकानदारांना माल दाखवत, मागणी नोंदवत आणि पुढची गाडी पकडत. त्यांच्यासाठी छोट्या गावातील हॉटेलांनी माल मांडून दाखवण्याची खास खोली ठेवली. ज्या हॉटेलात ती असे त्याची जाहिरात त्याच खोलीच्या नावाने होई.

या वर्दळीची कल्पना देणारा एक प्रसंग विस्कॉन्सिनमधील बॉस्कोबेल या गावी १८९८ मध्ये घडला. जॉन निकोलसन आणि सॅम्युएल हिल हे दोन अनोळखी विक्रेते तेथील सेंट्रल हाउस हॉटेलात पोहोचले, तेव्हा हॉटेल इतके भरलेले होते की दोघांना एकच खोली वाटून घ्यावी लागली. रात्री बोलताना दोघेही श्रद्धाळू असल्याचे कळले, आणि त्या ओळखीतून पुढच्या वर्षी गिडियन्स ही संघटना स्थापन झाली. हॉटेलच्या खोलीतील खणात बायबल सापडते त्याचा उगम या खोलीत आहे. अनोळखी माणसासोबत खोली वाटून घेण्याची टॅव्हर्नमधील रीत शतकाच्या अखेरीस अडचणीपुरती का होईना टिकून होती, हेही यातून दिसते.

जेवणाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. इंजिनाला पाणी आणि कोळसा हवा असल्याने गाडी थांबे, आणि वीसेक मिनिटांत शेकडो माणसे स्टेशनाच्या उपाहारगृहावर तुटून पडत. अन्न बहुधा वाईट असे. फ्रेड हार्वे यांनी १८७६ मध्ये कॅन्ससमधील टोपेका स्टेशनात स्वच्छ आणि चांगले उपाहारगृह चालवून दाखवले आणि १८७८ मध्ये त्याच राज्यातील फ्लॉरेन्स या लहानशा गावात हॉटेल घेतले. गाडीतच उतारूंची पसंती विचारून ती तारेने पुढच्या स्टेशनाला कळवली जाई, त्यामुळे गाडी थांबताच ताटे तयार असत. लांबच्या मार्गांवर पुलमन कंपनीचे झोपण्याचे डबे १८६० च्या दशकातच आले होते आणि १८६८ मध्ये जेवणाचा डबाही आला. मात्र त्यांचे जादा भाडे सर्वांना परवडणारे नव्हते.

म्हणून टॅव्हर्न मेले असे म्हणण्यापेक्षा त्याची वाटणी झाली असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. एकत्र कुटुंबाच्या वाड्याची वाटणी व्हावी तसा प्रत्येक भाग वेगळा संसार करू लागला. बिछाना हॉटेलात गेला, पेय सलूनमध्ये, घोडे भाड्याच्या तबेल्यात, टपाल टपालकचेरीत, सभा नगरसभागृहात, आणि बातमी स्टेशनातील तारमास्तरच्या टेबलावर. सोय नक्कीच वाढली. पण न्यायाधीश, गाडीवान, विक्रेता आणि शेतकरी एकाच शेकोटीभोवती बसण्याचा प्रसंग पुन्हा फारसा आला नाही, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

टॅव्हर्न बुडाले ते दारूविरोधी चळवळीमुळे, असे नाही का?

या आक्षेपात तथ्य आहे. १८३० च्या सुमारास अमेरिकेतील प्रौढ माणूस वर्षाला सरासरी सुमारे सात गॅलन, म्हणजे २६ लिटर शुद्ध मद्यार्क पीत असे, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बोस्टनमध्ये १८२६ साली स्थापन झालेल्या मद्यपानविरोधी संस्थेपासून चळवळ पसरत गेली आणि १८४० च्या दशकात हे प्रमाण वेगाने घसरले. मेन राज्याने १८५१ मध्ये दारूबंदीच केली. मद्यविक्रीचा नफा बिछान्याच्या तोट्याची भरपाई करत असल्याने अनेक टॅव्हर्नमालक यात अडचणीत आले.

परंतु ज्या रस्त्यावर वाहतूक टिकली तेथे मालकांनी मार्ग काढला. दारू न विकणारी ‘टेंपरन्स हाउसे’ निघाली आणि चाललीही. याउलट रूळ दूरवरून गेले त्या रस्त्यावर दारूची परवानगी असूनही टॅव्हर्न बंद पडले. चळवळीने टॅव्हर्नचा चेहरा बदलला, त्याचे गिऱ्हाईक मात्र रेल्वेने नेले.

दार खरोखर सर्वांसाठी उघडे होते का?

वाटसरूला परत पाठवता येत नाही, हा नियम कागदावर उदात्त होता. व्यवहारात स्त्रियांसाठी वेगळे प्रवेशद्वार, वेगळा दिवाणखाना आणि रेल्वेत वेगळा डबा ठेवला जाई. ती सोय होती आणि बंधनही. तरीही रेल्वेमुळे एकट्या स्त्रीचा लांबचा प्रवास शक्य कोटीत आला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोहोचलेल्या पंडिता रमाबाई पुढे व्याख्याने देत पूर्व किनाऱ्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत देशभर फिरल्या, आणि १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध झाले.

कृष्णवर्णीयांचा अनुभव फार कटू होता. १८७५ मध्ये केंद्रीय कायद्याने मुक्कामाच्या जागा, सार्वजनिक वाहने व नाट्यगृहे यांत वर्णभेदाला मनाई केली. उतारूला खोली नाकारणे आणि कृष्णवर्णीय स्त्रीला महिलांच्या डब्यात बसू न देणे, अशा तक्रारींचे पाच खटले एकत्र करून ऑक्टोबर १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला. टेनेसीमधील शिक्षिका आयडा वेल्स यांना महिलांच्या डब्यातून बळाने उतरवण्यात आले, तेव्हा त्यांनी रेल्वेवर दावा लावला. १८८४ मध्ये त्यांना ५०० डॉलरची भरपाई मंजूर झाली आणि १८८७ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तीही काढून घेतली. पुढे १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात ‘वेगळे पण समान’ या नावाखाली रेल्वेतील वेगळ्या डब्यांवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. शतकानुशतके चालत आलेले वाटसरूला आसरा देण्याचे कर्तव्य अशा रीतीने एका मोठ्या समाजापुरते पोकळ करून टाकले गेले, आणि त्याची जबाबदारी तंत्रज्ञानावर ढकलता येणार नाही.

मोटार आली आणि रस्ता पुन्हा जागा झाला

विसाव्या शतकात मोटारींनी लोकांना पुन्हा रस्त्यावर आणले. १९२६ मध्ये हमरस्त्यांना क्रमांक मिळाले, तेव्हा नॅशनल रोडचा बराच मार्ग ‘यू.एस. ४०’ झाला. त्याआधी काही महिने कॅलिफोर्नियात ‘मोटेल’ हा शब्द जन्मला होता. वाहन उभे करायला दाराशी जागा आणि रात्रीपुरता बिछाना ही टॅव्हर्नमधील जोडी मोटेलात पुन्हा एकत्र आली, आणि आता स्टेशनासमोरची हॉटेले ओस पडू लागली.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात या यू.एस. ४० च्या कडेला एका टेकडीवर माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न अजून उभे आहे. १८२० च्या दशकाच्या अखेरीस स्टेजच्या उतारूंसाठी बांधलेली ही विटांची इमारत रेल्वेनंतर शेतघर झाली. आज तेथे राष्ट्रीय उद्यान सेवेचे संग्रहालय आहे, आणि ते पाहायला येणारे लोक घोड्यांच्या त्याच जुन्या रस्त्याने मोटारीतून येतात.